बिनठिपक्याचा स्क्रू

कंडक्टरबाईंनी एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरून त्यांनी सुनेला हाक मारली की आधी खालच्या गल्लीतले दोन-तीन जण वर बघायचे. सून सगळ्यात शेवटी बघायची. ती मुळातच सावकाश. बोलणं कमी, चालणं बेताचं, आणि एखादी वस्तू हातात घेतली की ती चारही बाजूंनी बघितल्याशिवाय खाली ठेवायची नाही. लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं कंडक्टरबाईंना या सावकाशपणाचा भयंकर राग यायचा. गर्दीच्या बसमध्ये अशी बाई असती तर शेवटचा थांबा येईपर्यंत अर्धी तिकिटं फाडायची राहिली असती, असं त्या मुलाला ऐकवायच्या. मुलगा रंगाच्या दुकानात कामाला होता. तो दोघींच्या मध्ये पडायचा नाही, आणि त्यातच त्याचं शहाणपण होतं.

सून त्या वेळी मीटर रीडर होती. घरोघरी जाऊन मीटरवरचे आकडे टिपून आणायचे. अकरा वर्षं तिने जिन्याखालच्या कोनाड्यांत आणि दुकानांच्या मागच्या बोळांत डोकं घालून काढली. आकडा मीटरवर असायचा, पण तिची नजर शेजारच्या स्विचबोर्डावर जायची. उष्णतेने तपकिरी पडलेली झाकणं. चिकटपट्टी गुंडाळून जोडलेल्या तारा. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी कुणीतरी घातलेली जाडजूड तार. ती घरातल्यांना सांगायची, हे बरं दिसत नाही, दाखवून घ्या कुणाला तरी. लोक म्हणायचे, बाई, तुम्ही तुमचा आकडा घ्या.

मग नवे मीटर आले. ते आपला आकडा आपणच कार्यालयात पाठवायचे, त्यांना वाचायला माणूस लागत नव्हता. सुनेची नोकरी गेली. महिनाभर ती घरात बसली, आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "मी वायरमनच्या वर्गाला नाव घातलंय. संध्याकाळचा आहे. दोन वर्षांचा."

"या वयात?" मुलाने विचारलं.

"अडतिसावं आहे. अठ्ठ्याण्णवावं नाही."

कंडक्टरबाई बायकांनी काय करावं आणि काय करू नये यावर कधीच बोलल्या नव्हत्या. त्या स्वतः खाकी कपड्यांत बसला लटकून आयुष्य काढलेल्या. त्यांची हरकत वेगळी होती. "बसमध्ये माणसं फार तर धक्का मारतात," त्या म्हणाल्या, "वीज जीव घेते."

"म्हणूनच शिकून घेते ना, आई," सून म्हणाली आणि पानाकडे वळली.

दोन वर्षांनी परवाना हातात आला. कामं मिळायला वेळ लागला, पण तिला हवं ते काम तिने पहिल्या दिवसापासून ठरवलेलं होतं. नवे पंखे लावणं, बिघडलेली बटणं बदलणं हे ती करायची, पण तिचं मन होतं तपासणीत. वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळा लागायच्या आधी आणि एकदा पावसाळ्याच्या आधी, माणसाने आपला बोर्ड उघडून बघितला पाहिजे असं तिचं म्हणणं. उन्हाळ्यात यंत्रांचा भार वाढतो, तारा तापतात. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि वीज नको तिथे पाझरते. बिघडल्यावर बोलावण्यापेक्षा बिघडायच्या आधी बोलवा, एवढं ती सांगायची. लोकांना हे पटायला दीड वर्ष गेलं. मग एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं, त्यांनी झेरॉक्सवाल्याला सांगितलं, झेरॉक्सवाल्याने केस कापणाऱ्याला, आणि बघता बघता गल्लीत तिचं नावच 'बोर्डवाली' पडलं.

तिची काम करायची रीत कंडक्टरबाईंनी पहिल्यांदा आपल्याच घरी बघितली. आधी मेन स्विच बंद. मग टेस्टर घेऊन बोर्डात वीज खरंच गेली आहे का हे बघणं. आणि तो टेस्टर तरी खरं बोलतोय का, हे बघायला तो आधी शेजारच्या घरातल्या चालू सॉकेटमध्ये घालून आणणं. झाकण उघडून झाल्यावर पहिली दोन मिनिटं ती हात लावायची नाही, नुसती बघायची आणि वास घ्यायची. मग ब्रशने धूळ, मुंग्या, कधी पालीची अंडी. मग एकेक स्क्रू आवळायचा. आणि आवळून झाला की त्यावर लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका, अर्धा स्क्रूवर, अर्धा शेजारच्या पट्टीवर. पुढच्या खेपेला ठिपका मधोमध तुटलेला दिसला की समजायचं, स्क्रू फिरलाय.

"लग्नात सुद्धा हिने कधी नखं रंगवली नाहीत," कंडक्टरबाई शेजारणीला म्हणाल्या, "आणि आता महिन्याला दोन बाटल्या संपवते."

बोलण्यात चेष्टा होती, पण त्या दिवशी त्यांना सुनेच्या सावकाशपणाचा राग आला नाही. काही कामांना हाच वेग लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

मागच्या गल्लीत दोघा भावांची लॉन्ड्री होती. नुसती कपडे धुवायची नव्हे. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं तिथे यायचं. सहा मोठी यंत्रं, दोन वाळवणारी, आणि भिंतीवर माणसाच्या उंचीचा बोर्ड. थोरला भाऊ सगळं बघायचा. बोलायला तिखट, पण कामाला चोख. उन्हाळ्याच्या तोंडावर सुनेने तिथली तपासणी केली. सलग तिसरं वर्ष होतं ते.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला लॉन्ड्रीत एक दिवा डोळे दिपतील असा लखलखला आणि फुटला. पाठोपाठ दोन धुलाई यंत्रांमधून धूर आला, फ्रिज गेला, पंखा भन्नाट फिरून बंद पडला. धाकट्या भावाने धावत जाऊन मेन बंद केला. कुणाला इजा झाली नाही. पण यंत्रांची डोकी, म्हणजे त्यांना चालवणारी कार्डं, जळून गेली.

सून तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत काम करत होती. तिने घरी फोन केला. "आई, माझी मोठी बॅटरी कपाटावर आहे. लॉन्ड्रीत घेऊन याल का? मी तिकडेच येतेय."

कंडक्टरबाई बॅटरी घेऊन पोचल्या तेव्हा वीज खात्याचा लाइनमन आधीच येऊन गेला होता. खांबावरचं सगळं बघून त्याने सांगितलं होतं, इकडे काही सापडत नाही, पण या भागात विजेचा दाब वरखाली होतो, वरूनच आला असेल. थोरल्या लॉन्ड्रीवाल्याचा त्यावर विश्वास बसला होता. तो खात्याच्या नावाने बोटं मोडत होता. सून आली तशी तो म्हणाला, "बघा ताई, आपण एवढं जपतो आणि हे लोक वरून घाण पाठवतात."

सुनेने टेस्टर लावून बघितला आणि बोर्डाचं झाकण उघडलं. कंडक्टरबाई बॅटरी धरून तिच्या शेजारी उभ्या होत्या. लॉन्ड्रीवाला पाठमोरा, फोनवर इस्पितळाच्या माणसाला चादरींचं समजावत होता.

उजेडात लाल ठिपके रांगेने चमकले. कंडक्टरबाईंना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण साठ माणसांच्या गर्दीत बिनतिकिटाचा एक हेरायची सवय त्यांच्या डोळ्यांना एकतीस वर्षांची होती. खालच्या जाड पट्टीवर, डावीकडून चौथा. त्याच्यावर ठिपका नव्हता.

त्यांनी सुनेकडे बघितलं. सुनेची नजर तिथेच होती. तिने दोन बोटांनी तो स्क्रू धरला. तो बोटांनीच फिरला. त्यातली जाड तार निघून हातात आली, टोकाला काळी पडलेली.

"ही न्यूट्रल," सून अगदी हळू म्हणाली. "सगळ्या यंत्रांची परतीची वाट. ही सुटली की काहींना दुप्पट दाब मिळतो." जरा थांबून म्हणाली, "मीच काढली होती. टोक घासायला. परत बसवली आणि आवळली नाही."

कंडक्टरबाईंच्या हातून बॅटरी बंद झाली. झाली असं म्हणायचं, पण त्यांनीच केली. अंगठा आपसूक बटणावर गेला. कुणाला काही ठाऊक नव्हतं. लाइनमनने खात्यावर ढकललं होतं, मालकाला ते पटलं होतं. एक स्क्रू आवळायचा, एक ठिपका द्यायचा, झाकण लावायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पाच वर्षं उन्हातान्हात फिरून या पोरीने जे नाव कमावलं होतं ते अर्ध्या मिनिटात वाचत होतं.

"आई," सून म्हणाली, "बॅटरी लावा."

कंडक्टरबाई हलल्या नाहीत.

"लावा, आई."

त्यांनी लावली. सुनेने मागे वळून हाक मारली. "दादा, जरा इकडे या. वरून काही आलेलं नाही. चूक माझी आहे."

लॉन्ड्रीवाल्याने फोन ठेवला आणि आला. तिने त्याला स्क्रू दाखवला, तार दाखवली, ठिपके दाखवले आणि नसलेला ठिपका दाखवला. दोन मिनिटांत सगळं सांगून झालं. तिने एकही सबब सांगितली नाही. त्यामुळे ते कंडक्टरबाईंना फार लांबल्यासारखं वाटलं.

लॉन्ड्रीवाला आरडाओरडा करेल अशी त्यांची तयारी होती. बसमध्ये असल्या माणसांना त्यांनी पुष्कळ वेळा गप्प केलं होतं. पण तो ओरडला नाही. बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही झाकण लावलंत की मी आत डोकावतसुद्धा नव्हतो. इतका तुमच्यावर भरवसा." आणि आत निघून गेला.

कार्डं यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस दोघं भाऊ उरलेल्या चार यंत्रांवर पहाटेपासून राबले. सून रोज तिथे जायची. जळलेलं काढणं, नवं बसवणं, तारा तपासणं. थोरला तिच्याशी कामापुरतंही बोलत नव्हता. हवं नको ते धाकटा सांगायचा.

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, तिने आपली वही काढली. लॉन्ड्रीच्या दिवशीचे आणि त्या आठवड्यातले मिळून तेवीस बोर्ड होते. प्रत्येकाला तिने स्वतः फोन केला. "माझ्याकडून एके ठिकाणी स्क्रू ढिला राहिला. तुमच्याकडे राहिला नसेल, पण मला परत बघायचंय."

नवरा म्हणाला, "अगं, स्क्रू राहिला हे कशाला सांगतेस? नुसतं म्हण, जरा परत बघून जाते."

"मग ते म्हणतील, कशाला त्रास घेता, नंतर या. नंतर नको आहे मला."

तेवीसपैकी एकवीस जणांनी येऊ दिलं. एकाने आता आम्ही दुसरा माणूस बघतो म्हणून सांगितलं. एका बाईंनी दारातच थांबवलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे लहान मूल आहे हो. सून त्यांना म्हणाली, "म्हणूनच कुणाकडून तरी बघून घ्या. माझ्याकडून नको असेल तर नको." आणि दोघा ओळखीच्या वायरमनचे नंबर लिहून दिले.

एकवीस बोर्डांत एकही स्क्रू ढिला निघाला नाही. कंडक्टरबाई म्हणाल्या, "बघ, एकच चुकला होता. घोर लावून घेऊ नकोस."

"एकच चुकला हे आज कळलं," सून म्हणाली. "काल माहीत नव्हतं."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी कंडक्टरबाई सुनेची वही चाळत होत्या. खरं तर त्या फोन नंबर शोधत होत्या. लॉन्ड्रीच्या पानावर सुनेच्या बारीक अक्षरात वेळ लिहिली होती. मोठा बोर्ड, सव्वाअकरा ते पाऊण. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी आपला फोन काढला आणि त्या तारखेचे कॉल शोधले. अकरा चाळीस. सुनेला. चार मिनिटं.

त्यांना आठवलं. कात्री सापडत नव्हती. आठवलं तेही इतकं स्वच्छ, की त्या कात्री कुठे सापडली तेसुद्धा सांगू शकल्या असत्या. सुनेने फोन उचलला होता आणि एकेक जागा सुचवली होती. शिवणाच्या डब्यात बघा, फ्रिजवर बघा. आणि त्यांनी फोन चालू ठेवूनच शोधाशोध केली होती, वर कुठली गोष्ट कधी जागेवर नसते म्हणून चार शब्द ऐकवले होते.

त्या दिवशी कंडक्टरबाईंचं जेवणाकडे लक्ष लागलं नाही. सून पान वाढत असताना त्या म्हणाल्या, "फोन माझा होता."

सून वाढायची थांबली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? त्या लॉन्ड्रीवाल्याला तरी सांगायचं, मध्येच फोन आला म्हणून."

"फोन तुमचा होता, आई. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात होता." मग ती खाली बसली. "मी उचलायलाच नको होता. तुम्हाला काय ठाऊक मी कुठे हात घातलाय ते."

कंडक्टरबाईंनी आयुष्यात बरंच ऐकून घेतलं होतं आणि त्याहून जास्त ऐकवलं होतं. रागावून कुणी दोष दिला असता तर त्यांनी झटकला असता. इथे त्यांच्या वाट्याचा दोषही सुनेने गुपचूप आपल्या पदरात घेतला होता, आणि तो परत मागायचा कसा हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तयार होऊन दारात उभ्या राहिल्या. पायांत बूट, खांद्याला जुनी चामड्याची कंडक्टरची पिशवी.

"कुठे निघालात?"

"तुझ्याबरोबर. फोन दे इकडे."

सुनेचा फोन पिशवीत गेला. त्याबरोबर पिशवीतून एक कागद निघाला. रात्री त्यांनी सुनेकडून कामाची एकेक पायरी विचारून घेऊन मोठ्या अक्षरात लिहिलेला. त्या दिवसापासून रीत बदलली. सून बोर्डासमोर, कंडक्टरबाई दोन पावलं मागे स्टुलावर. त्या एकेक ओळ वाचायच्या, सून ती करायची आणि "झालं" म्हणायची, आणि मगच खाली पुढची ओळ. सून काही न बोलता पुढे गेली तर कंडक्टरबाई गाडी पुढे सोडायच्या नाहीत.

"चौथा!" असा आवाज दातांच्या दवाखान्यात घुमला तेव्हा खुर्चीतला पेशंट दचकून उठून बसला. डॉक्टरीणबाईंनी विनंती केली, आजी, जरा हळू. कंडक्टरबाई म्हणाल्या, यापेक्षा हळू मला येत नाही. पण पुढच्या ओळीला त्यांनी प्रयत्न केला.

त्या मोसमात सात गिऱ्हाइकं गेली. सुनेने कुणाच्या मागे लागून समजूत काढली नाही. गेलेल्यांची नावं वहीत तशीच ठेवली, पुढे कधी त्यांच्याच घरून फोन आला तर जुनी नोंद हाताशी असावी म्हणून.

गोष्ट मात्र फिरत राहिली. लाइनमनला ती लॉन्ड्रीच्या धाकट्याकडून कळली. त्याने खात्यात सांगितली, आणि दुसऱ्या वर्षी वायरमनच्या त्याच संध्याकाळच्या वर्गातून सुनेला बोलावणं आलं. नव्या मुलामुलींना चार गोष्टी सांगा म्हणून. ती उभी राहिली आणि तिने सरळ आपली चूकच सांगितली. फळ्यावर तीन फेज काढले, न्यूट्रल काढली, ती कुठे सुटली तिथे फुली मारली. कंडक्टरबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, कुणालाच कळलं नसतं. तुम्ही का सांगितलंत?"

सुनेने खडू खाली ठेवला. "गुपचूप आवळला असता," ती म्हणाली, "तर बाकीचे तेवीस बोर्ड परत उघडायला काय सांगून गेले असते? आणि तसाच आणखी एक कुठे असता तर?"

वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलं वहीत काहीतरी लिहीत होती. कंडक्टरबाईंच्या मनात आलं, आपण बटण बंद केलं तेव्हा फक्त हिचं नाव बघत होतो. ही त्या क्षणी तेवीस घरं बघत होती.

लॉन्ड्रीने त्यानंतर दोन वर्षं दुसऱ्या माणसांकडून तपासणी करून घेतली. तिसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या आधी थोरल्याचा फोन आला. नमस्कार नाही, खुशाली नाही. "कधी येताय?" एवढंच.

दोघी गेल्या तर तो बोर्डापाशीच उभा होता, हात मागे बांधून. सुनेने टेस्टर काढला तेव्हा त्याने घसा साफ केला.

"दोन वर्षांत तीन जण येऊन गेले," तो म्हणाला. "प्रत्येकाला मी काम झाल्यावर विचारायचो, कुठे काही राहिलं नाही ना? प्रत्येक जण म्हणायचा, शेठ, आपल्याकडून कधी काही राहत नाही. ते ऐकलं की माझी रात्रीची झोप उडायची."

सून म्हणाली, "माझ्याकडून राहू शकतं. म्हणून आई बरोबर असतात."

"माहीत आहे. दवाखान्यातून आवाज इथपर्यंत येतो."

त्याने स्वतःच कंडक्टरबाईंना स्टूल आणून दिलं. तपासणी दीड तास चालली. बाकी सगळं ठीक होतं, पण वाळवणाऱ्या यंत्राकडे जाणारी एक तार आतून तापून कडक झाली होती. सुनेने ती त्याच्या बोटाला लावून दाखवली. आज बदलायची तर लॉन्ड्री अर्धा दिवस बंद ठेवावी लागेल, नाहीतर रविवारपर्यंत ते यंत्र वापरायचं नाही, असं तिने सांगितलं.

त्याने घड्याळाकडे बघितलं, चादरींच्या ढिगाकडे बघितलं. मग धाकट्याला सांगितलं, "शटर अर्धं ओढ."

सून तार आणायला गेली. कपडे न्यायला माणसं येऊ लागली, आणि शटरखालून वाकून आत बघू लागली. कंडक्टरबाईंनी स्टूल दारापाशी ओढून घेतलं आणि प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, "चारपर्यंत बंद. आत बोर्डाचं काम चालू आहे. आमची सून करतेय."